देवाची प्रभावळ आणि एअरबॅगचा फ्यूज

"स्टँपपेपरवर लिहून देतो, गाडीत बाहेरची एकही अ‍ॅक्सेसरी बसवलेली नाही!"

दिगंबररावांनी सर्व्हिस काउंटरवर अशी मूठ आपटली की बाहेर उभ्या असलेल्या अकरा गाड्यांचे अलार्म वाजले. गृहस्थ बरकतपुऱ्यातले, निवृत्त सरकारी वकील. चार महिन्यांची गाडी आणि मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा. तो पेटलेला असला की धडकेत फुगा उघडेल याची खात्री नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची लेक तान्ह्या बाळाला मागे बसवून, स्वतः चालवत बिदरला निघणार होती.

मॅनेजर रेड्डीसाहेब तेलुगू अदबीनं माझ्या कानाशी लागले. "कुलकर्णीगारू, वॉरंटीत एअरबॅगचं मॉड्यूल बदलून टाका. वकिलाशी कोण भांडणार?"

"बदलतो सर. आधी बघू तर द्या."

दार उघडलं आणि डोळे दिपले. डॅशबोर्डवर साक्षात बालाजी. मागे फिरती प्रभावळ, सात रंगांचे एलईडी. त्या उजेडात शमशाबादच्या विमानतळावर दोन विमानं सहज उतरली असती.

"वकीलसाहेब, हे काय?"

"देव."

"ते दिसतंय. बसवला कुणी?"

"अफझलगंजच्या फिटरनं. दहा मिनिटांत! तुम्ही विचारलंत अ‍ॅक्सेसरीचं. देव काय अ‍ॅक्सेसरी आहे?"

मी हात जोडले, देवाला. मग तारेचा माग काढत फ्यूजबॉक्सपर्यंत पोचलो. फ्यूज म्हणजे करंट वाढला की स्वतः जळून पुढचं वाचवणारी इवलीशी पट्टी. अफझलगंजच्या या शास्त्रज्ञानं एका फ्यूजच्या पायाला उघडी तार गुंडाळून तो अंगठ्यानं परत कोंबला होता. सॉकेट फाकलं, पकड ढिली झाली. प्रभावळ मजेत फिरत होती, पण प्रत्येक खड्ड्याला पुढचा सप्लाय तुटत होता. फ्यूज नेमका एअरबॅगचा.

"हाच का निवडला, विचारलंत?"

"विचारलं की. म्हणाला, 'साब, ये फालतू बैठा है. निकाले तो बी कुछ बंद नै होता.'"

"बरोबरच बोलला. काय बंद झालं ते कळायला आधी कुठंतरी आपटावं लागतं. आणि लाल दिवा लागल्यावर?"

"म्हणाला, नवी गाडी है, सेट हो जाती."

आयुष्यभर साक्षीदारांना घाम फोडलेल्या माणसानं एवढ्यावर मान डोलावली होती!

रेड्डीसाहेबांना फाकलेलं सॉकेट दाखवलं. नवं मॉड्यूल टाकून दिवा विझवला असता, तर पोरगी निर्धास्त निघाली असती आणि वाटेत झहीराबादच्या अलीकडेच फुगा पुन्हा मुका. मग साहेबांनीच निकाल दिला. वॉरंटी नामंजूर, नवा फ्यूजबॉक्स मालकाच्या खर्चानं, गाडी तीन दिवस आमच्याकडे.

वकीलसाहेब कायदा काढणार, तेवढ्यात लेकीचा फोन आला. त्यांनी आमची तक्रार करत सगळं सांगितलं, स्पीकर लावला आणि सगळ्या वर्कशॉपनं ऐकलं, "बाबा, मी बसनं जाते. तुम्ही त्यांच्याशी वाद घालू नका, खर्चाच्या कागदावर सही करा."

सही झाली.

तेव्हापासून मी कस्टमरला अ‍ॅक्सेसरीबद्दल विचारतच नाही. विचारतो, शोरूममधून निघाल्यावर गाडीत कोण कोण राहायला आलं?