गाडी मात्र तापली नाही

वहिनींचा फोन आला तेव्हा मी मानवतच्या शाळेत सहावीच्या वर्गावर होते. वर्गात मी फोन घेत नाही, पण वहिनी शाळेच्या वेळात कधी फोन करत नाहीत, म्हणून व्हरांड्यात येऊन घेतला. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, “ताई, तुमी या. अंगणात पाणी भरायलते, अन् तिथंच खाली बसले… उठलेच न्हाईत.” एसटीने पूर्णेला पोचेपर्यंत मला दादाचा चेहरासुद्धा नीट आठवेना. एवढंच सारखं मनात येत होतं की आता मायला कोण सांगणार, आणि सांगून तरी काय होणार.

उत्तमदादा माझा थोरला भाऊ. रेल्वेत इलेक्ट्रिशियन होता. डब्यांतले दिवे, पंखे, डब्यांखालच्या बॅटऱ्या यांत सगळी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर तो पूर्णेतच घर बांधून राहिला. आमचे वडील, अण्णा, यांची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत गावोगावी भीमगीतांचे कार्यक्रम असायचे आणि त्यासाठी अण्णांनी एक जुनी डिझेल व्हॅन घेतली होती. त्यात हार्मोनियम, ढोलकी, कोरसला बसणाऱ्या बाया आणि त्या बायांत आमची माय. मी आणि दादा मागच्या बाकावर एकमेकांच्या अंगावर पडून झोपायचो. अण्णा गेले, पार्टी मोडली, आणि ती गाडी दादाच्या अंगणात पत्र्याखाली उभी राहिली ती राहिलीच.

मायचं विसरणं हळूहळू आलं. आधी शेजारपाजारचे गेले, मग माझं नाव गेलं. संध्याकाळ झाली की ती पांढरं लुगडं नेसायची, केस विंचरायची आणि उंबऱ्यावर बसून विचारायची, गाडी आली का म्हणून. तिला कार्यक्रमाला जायचं असायचं. शेवटी दादाही गेला तिच्या आठवणीतून. ती त्याला ‘तुमी’ म्हणायला लागली. आपल्या आईने आपल्याला अहो-जाहो करायचं, हे किती वाईट असतं ते मला तोवर माहीत नव्हतं. त्याच सुमारास दादाने व्हॅनचं बॉनेट उघडलं.

त्याचं म्हणणं साधं होतं. मायला त्या गाडीत बसवायचं आणि सोनपेठकडच्या तिच्या माहेरी, नदीकाठच्या त्या गावाला, जिथे पार्टी दरवर्षी गायची, तिथे न्यायचं. मी म्हटलं, भाड्याची गाडी करू, एसी असेल, तिला त्रास होणार नाही. तो म्हणाला, “भाड्याच्या गाडीत ती बसंल, पर आपण कुठं चाललो ते तिला कळायचं न्हाई.”

पहिल्यांदा निघालो ते परभणीच्या अलीकडच्या रेल्वे फाटकापर्यंतच. फाटक लागलं होतं, उन्हं कडक, मालगाडी काही येईना. जुन्या गाडीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन हळू झालं की पंखाही हळू, आणि उभ्या गाडीत वारा कुठून यायचा? रेडिएटरमधून वाफ उसळली, पाणी काचेवर आलं. माय घाबरली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. शेवटी ऑटोने तिला परत आणलं. दादा रस्त्याच्या कडेला, गाडी निवायची वाट बघत बसून राहिला.

त्यानंतर त्याने तो पट्ट्यावरचा पंखा काढून टाकला. एका नव्या कारचा इलेक्ट्रिक पंखा मिळवला, रेडिएटरला लावला, पाणी तापलं की आपोआप सुरू होईल असा सेन्सर बसवला. पंखा जोरदार होता, पण करंट खूप ओढायचा. गाडीत वीज तयार करणारा अल्टरनेटर जुन्या काळचा, दोन दिव्यांपुरता. पंखा लागला की हेडलाइट मंद व्हायचे आणि घरी येईतो बॅटरी बसायची. मग मोठा अल्टरनेटर शोधणं आलं. तो परभणीच्या भंगार बाजारात मिळाला, पण जुन्या जागी बसेना. ब्रॅकेट लेथवर करून आणलं, तर पुली ओळीत येईना आणि पट्टा कडेनं झिजून तुटायचा. ब्रॅकेट पुन्हा केलं… अख्खा उन्हाळा दादा त्या गाडीखाली होता आणि तेवढ्यात माय जेवण विसरायला लागली, घास तोंडात धरून बसायला लागली.

वहिनींनी बरेच दिवस सोसलं. एका दुपारी मी तिथे असताना त्या म्हणाल्या, “जेवढं गाडीपाशी बसताव, तेवढं आत्यापाशी बसा.” मायला त्या आत्या म्हणायच्या.

दादा हात पुसत होता. वर न बघता म्हणाला, “तिच्यापाशी बसलो की ती इचारती, तुमी कोन.”

वहिनी मायला घास भरवायला आत गेल्या.

दिवाळीच्या आधी गाडी तयार झाली. मी सुट्टी काढून गेले. माय पांढरं लुगडं नेसून निमूट गाडीत चढली, तिच्या नेहमीच्या खिडकीशी बसली, काचेवरून हात फिरवला. दादाने ते आरशात पाहिलं. नेमकं तेच फाटक पुन्हा लागलेलं होतं. गाडी उभी राहिली, थोड्या वेळाने पुढून पंख्याचा मोठा घुमणारा आवाज सुरू झाला आणि पाण्याच्या तापमानाचा काटा जिथे होता तिथेच राहिला. दादा माझ्याकडे वळून हसला. त्याचं तसं हसू मी लहानपणानंतर पहिल्यांदा पाहिलं… आणि शेवटचं.

फाटक उघडलं. परभणी मागे पडली. गंगाखेडच्या रस्त्याला माय अस्वस्थ झाली, मागे बघायला लागली, बाकावर हात चाचपायला लागली. मग पुढे वाकून दादाच्या खांद्याला हात लावून म्हणाली, “ड्रायव्हरभाऊ, गाडी थांबवा. आमचा उत्तम मागं राह्यलाय. लहान हाय वो, रडत आसंल.”

दादाने गाडी कडेला घेतली. मी सांगणार होते की हाच उत्तम आहे, तर त्याने मान हलवून मला गप्प केलं. “घेऊन येऊ, माय,” तो म्हणाला. माय तर आमच्याकडे कुणीही कुणाला म्हणतं, त्यामुळे तिला काही वेगळं वाटलं नाही. त्याने गाडी वळवली आणि आम्ही माहेर न बघता परत पूर्णेला आलो. घरी उतरताना तिने त्याला हात जोडले आणि आत निघून गेली. मी चहाला बोलवायला गेले, तर तो स्टीअरिंगवर हात ठेवून तसाच बसलेला. म्हणाला, “गाडी मातर तापली न्हाई.”

त्यानंतर गाडी अंगणाबाहेर गेली नाही. पुढे काही आठवड्यांतच तो अंगणात पडला. आम्ही मायला त्याच्या उशाशी नेऊन बसवलं. त्रिशरण चाललं होतं, तेवढ्यात तिने मला हळूच विचारलं, “ह्याची माय हाय का जित्ती?” मी हो म्हटलं. “बिचारी,” ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

आता ती संध्याकाळी उठत नाही. लुगडं मागत नाही, कुणाची वाट बघत नाही.

वहिनींना गाडी चालवता येत नाही. पण बॅटरी उतरू नये म्हणून त्या सकाळी कधीमधी चावी फिरवतात आणि इंजिन तापेपर्यंत ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहतात. भंगारवाला दोनदा विचारून गेला, त्याला त्या बघू म्हणाल्या. गेल्या रविवारी मीही शेजारी बसले होते. पंखा सुरू झाला. वहिनींनी चावी काढली, इंजिन बंद झालं, पण पंखा काही थांबला नाही. पाणी निवेपर्यंत तो बॅटरीवर एकटाच फिरत राहतो, दादाने वायरिंगच तसं केलंय. आम्ही ऐकत बसलो. मग तो हळू होत होत थांबला… आणि नंतरही बराच वेळ आम्हा दोघींपैकी कुणी दार उघडलं नाही.