व्हॅनची मागची सीट

एकवीस जानेवारी, मंगळवार, सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. गोटखिंडीत मनुबाईंच्या अंगणात बशीर नदाफचं पिंजायचं मशीन सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. दगड झालेला जुना कापूस एका तोंडानं आत जात होता आणि फुलून दुसऱ्या तोंडानं बाहेर पडत होता. बशीरच्या नाकावर फडकं होतं, भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मनुबाई उंबऱ्यावर बसून नजर ठेवून होत्या.

"माजा कापूस माज्याच गादीत जाऊ दे बरं का, बशीरभाई."

"दुसऱ्याचा कुठनं आणू? सकाळधरनं तुमचीच गादी फोडलीया."

मशीनच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू आलं नाही. चढावर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत होता. मागच्या ट्रॉलीची पिन तुटली. उसानं भरलेली ट्रॉली उताराला लागली आणि रस्त्याकडेला उभी असलेली बशीरची व्हॅन तिनं पाण्याच्या टाकीच्या भिंतीला दाबली. मनुबाई उठून बाहेर डोकावल्या, परत आल्या आणि हातानं मशीन बंद करायची खूण केली.

"तुमची गाडी बारीक झाली," त्या म्हणाल्या.

गाडीत कुणी नव्हतं. मशीन अंगणात होतं. माणूस वाचला, मशीन वाचलं, असं जमलेले सगळे म्हणाले. ट्रॅक्टरचा विमा डिसेंबरातच संपलेला निघाला आणि मालकानं हात वर केले. पोलिसांनी पंचनामा केला. बशीरनं मात्र मशीन पुन्हा सुरू केलं, मनुबाईंची गादी भरून, टाके घालून दिली आणि दुपारी एका ओळखीच्या टेंपोत मशीन घालून तो आष्ट्याला घरी आला.

बशीरचं वय चोपन्न. त्याचा बाप खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली घेऊन गावोगाव पायी फिरायचा. बशीरनं मशीन घेतलं आणि मग दोन हजार अकराची एक जुनी मारुती व्हॅन. दिवाळीनंतर धंदा सुरू होतो आणि मे संपेपर्यंत चालतो. पावसाळ्यात कापूस ओल धरतो, फुलत नाही, म्हणून मशीन बंद. बावची, गोटखिंडी, कारंदवाडी, बागणी अशी पंचवीसेक गावं त्याची ठरलेली. लोक फोन करतात, तो दारात जातो, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत गादी फोडून, पिंजून, पुन्हा भरून देतो. दुकानात नेलेल्या गादीतला कापूस बदलतात असा लोकांचा पक्का समज आहे. त्यामुळे दारात जाणं हाच त्याचा खरा धंदा, आणि दारात जायचं तर मशीन वाहून न्यायला गाडी पाहिजे.

मशीन बसावं म्हणून दरवर्षी दिवाळी झाली की तो व्हॅनचे चार बोल्ट खोलून मागची सीट काढायचा आणि ओसरीवर भिंतीला लावायचा. जूनमध्ये सीट परत गाडीत. मग चार महिने गाडी घरची: मिरजेला दवाखान्यात, कराडला बायकोच्या माहेरी. सीटमधला फोम उंदरांनी खाल्ला तेव्हा बशीरनं तिच्यात स्वतः पिंजलेला कापूस भरला आणि वर खाकी कॅनव्हास शिवला. ऑर्डर द्यायला आलेलं गिऱ्हाईक त्याच सीटवर बसायचं, आणि बसलं की हातानं चाचपून बघायचं. याहून चांगली जाहिरात त्याला ठाऊक नव्हती.

गाडीचा पूर्ण विमा होता, हे दादासोमुळे. दादासो आष्ट्यातला विमा एजंट. एवढ्या जुन्या गाडीला पूर्ण विमा कशाला, म्हणून लोक हसायचे, तरी त्यानं बशीरला तो सोडू दिला नव्हता. कागदावर गाडीची किंमत ब्याण्णव हजार लिहिलेली होती. गॅरेजनं दुरुस्तीचा अंदाज काढला तो एक लाख चौऱ्याऐंशी हजारांचा.

"म्हंजे गाडी गेली," दादासो म्हणाला. "दुरुस्तीला किमतीपेक्षा जास्त लागतंय. कंपनी गाडी उचलती आणि पैसे देती. हजारभर कापतील. फेब्रुवारीत तुझ्या दारात दुसरी व्हॅन."

चौथ्या दिवशी सांगलीहून सर्व्हेअर आला. नाव यशराज, वय तिशीच्या आत, बोलायला गोड. त्यानं गॅरेजमध्ये गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि मग कागदपत्रं बघायला तो बशीरच्या घरी आला. घरी आलेल्या माणसाला चांगल्या जागी बसवायचं, ही या घराची रीत. बशीरनं खाकी सीट फडक्यानं झटकली आणि त्याला तिथं बसवलं. बायको शाहजादी चहा घेऊन आली. यशराजनं बसल्या बसल्या सीटवर हात दाबला.

"मस्त आहे हो बैठक. कुठून घेतली?"

"घेतली कुठनं," बशीर खूश होऊन म्हणाला. "आपल्या गाडीचीच सीट हाय, सायेब. आत माजा कापूस. दहा वरसं झाली, एक गाठ दावा."

"गाडीची? मग गाडीत काय असतं?"

"पिंजायचं मशीन."

यशराजनं चहा संपवला. उठला आणि ज्या सीटवर बसला होता तिचा एक फोटो काढला. बशीरला त्याचंही बरं वाटलं.

एकोणीस फेब्रुवारीला पत्र आलं. दादासोनं ते ओसरीवर, त्याच सीटवर बसून वाचलं. खासगी गाडीचा व्यवसायासाठी वापर आणि गाडीत केलेला बदल यामुळे भरपाईत पाव भाग कपात, म्हणजे तेवीस हजार. गाडीतून गायब असलेल्या सीटपोटी सहा हजार. नेहमीची एक हजाराची वजावट. उरलेले बासष्ट हजार मान्य असतील तर संमतीपत्रावर सही करावी.

"गायब?" बशीर म्हणाला. "त्यो बसला कशावर हुता मग?"

दादासोनं पत्राची घडी घातली. शाहजादी दारात उभी होती.

"माणसं पाच रुपयांचा च्या पाजत्यात," ती म्हणाली. "तुमी एकोणतीस हजारांचा पाजला."

"मी खोटं बोलायचं हुतं व्हय?"

"खोटं कुणी सांगितलं बोलायला? खुर्ची हुती की घरात."

दुसऱ्या दिवसापासून बशीरच्या सांगलीच्या फेऱ्या सुरू झाल्या. आष्ट्याहून एस.टी., स्टँडवरून पायी, कंपनीच्या कार्यालयाचा दुसरा मजला. दाव्यांच्या टेबलावर पाटोळे मॅडम होत्या. त्या आवाज चढवत नसत आणि आलेल्या माणसाला बसायला सांगत. भांडायला काही जागाच मिळत नव्हती.

"तुम्ही गाडी धंद्यासाठी वापरत होता ना?"

"मॅडम, मास्तर गाडी घिऊन शाळंत जातो. त्यो बी पगारासाठीच जातो की."

"मास्तर गाडीत शाळा भरवत नाहीत."

"मी बी गाडीत गादी भरत न्हाई. अंगणात भरतो."

पाटोळे मॅडम किंचित हसल्या, पण फाइल त्यांनी मिटली नाही. "गाडीतून मशीन नेत होता. तो मालवाहू वापर झाला. त्याचा विमा वेगळा असतो, हप्ता जास्त असतो."

"ट्रॉली आदळली तवा गाडी उभी हुती. रिकामी हुती. मशीन अंगणात चालू हुतं. पंचनाम्यात हाय."

"ते मी नोंदवते."

"आन् सीट कायमची काढलेली न्हाई. जूनला बसवतो, दिवाळीला काढतो."

"त्याचा पुरावा?"

पुरावा मिळवायला शाहजादीला दोन रात्री फोन चाळावा लागला. शेवटी सापडला. जुलैमधला फोटो, मुलगी सुमैरा मिरजेच्या दवाखान्यातून बाळंत होऊन घरी येतानाचा. मागच्या खाकी सीटवर ती बाळाला घेऊन बसलेली आणि बाजूच्या काचेवर पावसाचे थेंब. फोनमध्ये तारीख होती. मॅडमनी फोटो छापून घेतला, फाइलला लावला आणि सगळं पुण्याच्या कार्यालयाकडे पाठवते म्हणाल्या.

"किती दिस?"

"तिथून येईल तसं कळवू."

मार्च गेला. बशीर दर आठवड्याला फोन करायचा आणि दर आठवड्याला 'प्रोसेसमध्ये आहे' हे ऐकायचा. तिसऱ्या आठवड्यात त्यानं विचारलं, प्रोसेस म्हणजे नेमकं कोण काय करतंय? पलीकडच्या मुलीनं त्याला थांबायला सांगितलं, थोडा वेळ गाणं वाजलं आणि फोन कट झाला.

मशीन पडून राहणं परवडणारं नव्हतं. टेंपोचं भाडं दिवसाला नऊशे. एका गादीसाठी टेंपो न्यायचा तर मजुरी टेंपोवाल्याच्याच खिशात जाते. म्हणून बशीर एका गावात तीन गाद्या जमल्याशिवाय निघत नसे. लोक थांबेनात. लग्नाच्या घरी तारीख ठरलेली असते. बावचीचा बिरदेव आठ वर्षांचं गिऱ्हाईक. पोरीच्या लग्नाला चार गाद्या, आठ उशा सांगून बसला होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यानं फोन केला.

"बशीरभाई, सांगलीतनं फोमच्या आणल्या गड्या. तू कवा येणार, कळंना. राग मानू नगं."

"राग कसला."

फोन ठेवल्यावर बशीर बराच वेळ मशीनला तेल देत बसला, न लागणारं. फोमची गादी एकदा घरात शिरली की पुढची दहा वर्षं त्या घरात पिंजाऱ्याचं काम नसतं. गाडीचे पैसे आज ना उद्या मिळाले असते. गेलेली घरं परत मिळणार नव्हती, हे पत्रात कुठे मांडायचं ते दादासोलाही ठाऊक नव्हतं.

कराडला शाहजादीच्या भावाच्या शेजारी एक व्हॅन विकायला होती. दोन हजार बाराची, कागद स्वच्छ, किंमत एक लाख वीस हजार. ही व्हॅन आता नवी निघत नाही, त्यामुळे जुनीचे भाव चढेच असतात, मालक कमी करायला तयार नव्हता. बशीरजवळ साठवलेले तीस हजार होते. कंपनीनं हजार कापून एक्क्याण्णव दिले असते तर हिशेब जमत होता, वर हजार उरत होता. मालकानं एप्रिलअखेरपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं.

तो एप्रिलअखेरपर्यंत थांबला. पुण्याचं उत्तर सहा मे रोजी आलं.

पाटोळे मॅडमनी बशीरला बसायला सांगितलं आणि कागद त्याच्याकडे वळवला. सीट कायमची काढलेली नव्हती, हे मान्य. सहा हजारांची कपात रद्द. मात्र व्यवसायासाठी वापर दावेदारानं स्वतःच सांगितला असल्यामुळे पाव भाग कपात कायम. अडुसष्ट हजार.

"आन् गाडी उभी हुती, रिकामी हुती, त्याचं काय झालं?"

"त्यांनी विचारात घेतलं असं लिहिलंय."

"काय विचार केला ते न्हाई लिवलं?"

"नाही."

"मी सांगितलं नसतं तर?"

मॅडमनी कागद सरळ केला. "तर हा मुद्दा आला नसता," त्या म्हणाल्या. आवाजात ना दया होती, ना टोमणा.

"सई न्हाई केली तर?"

"फाइल उघडी राहील. तुम्ही विमा लोकपालांकडे तक्रार करू शकता. तिथं वेळ लागतो."

दादासो तर भांडू म्हणत होता. वर्षभर लागेल, पण भांडू. बशीरनं खिडकीतून खाली पाहिलं, रस्ता पाहिला आणि हातानं पेन मागितलं. संमतीपत्रावर 'पूर्ण व अंतिम' असं छापलं होतं. त्याखाली त्यानं सही केली.

"एक राहिलं," मॅडम म्हणाल्या. "सीटची कपात रद्द केली, म्हणजे सीट गाडीबरोबर द्यावी लागेल. उचलायला माणूस येईल."

माणूस दहा तारखेला संध्याकाळी आला. गॅरेजमधून चेपलेली व्हॅन उचलून झाली होती, क्रेनची गाडी दारात उभी होती. हातात यादी होती: सीट, मागची, एक नग. शाहजादी आतून कात्री घेऊन आली.

"थांबा. ह्यांचा कापूस काढून घेते. चार किलो तरी आसंल. गाडीसंगट आलेली सीट फोमची हुती न्हवं? रिकामी घिऊन जाऊ दे."

"ऱ्हाऊ दे," बशीर म्हणाला.

"का?"

"फोटोत भरलेली हाय. रिकामी दिली तर ते बी लिवतील कुठंतरी."

शाहजादीनं कात्री ओढणीत धरली आणि बाजूला झाली. त्या माणसानं सीटचं एक टोक धरलं, बशीरनं दुसरं. उचलताना त्या माणसानं कॅनव्हासवर अंगठा दाबून पाहिला.

"चांगली भरलीय," तो म्हणाला. "कुणाकडनं?"

"हाय एक जण," बशीर म्हणाला.

बँकेत पैसे जमा व्हायला सात ते दहा कामाचे दिवस लागतील, असं मॅडमनी सांगितलं होतं. कराडची व्हॅन तीन मे रोजीच विकली गेली होती. ओसरीवर सीटच्या जागी भिंतीला एक लांबट, स्वच्छ पट्टा उरला. शाहजादीनं तिथं प्लास्टिकच्या दोन खुर्च्या मांडल्या.

बशीरनं रात्रीच मशीनचा पट्टा काढून पिशवीत घातला, सुया आणि दोऱ्याची रिळं मोजली. कारंदवाडीत एका घरी दोन गाद्या, शेजारच्या घरी एक. तीन जमल्या होत्या. उद्या अकरा मे, रविवार. टेंपो सव्वासहाला दारात येईल, भाडं नऊशे, आणि टेंपोवाल्याला दुपारी दोनला दुसरी खेप असल्यामुळे तिन्ही गाद्या त्याआधी शिवून व्हायला हव्यात.