नाव ठेवायच्या आधी

घुगऱ्या शिजल्याचा वास आला की मुलाचं बारसं आठवतं. कोल्हापूरला आमच्या सासरी पाळण्यात घातलेलं बाळ आत्यानं नाव ठेवल्याशिवाय उचलत नसत, आणि आत्या म्हणजे माझी नणंद, तिची एसटी मलकापूरच्या पुढं बंद पडलेली. बाळ भुकेनं रडायला लागलं. "जरा कळ काढ की, असं मधीच उचलत न्हाईत," सासूबाई म्हणाल्या. मी डोक्यावरचा पदर सावरत बसले, पण दूध कुठं कुणाचं ऐकतंय? सगळ्यांदेखत नवा ब्लाउज भिजला, तरी नणंद येईपर्यंत मी मान खाली घालून बसूनच राहिले. काल नातीच्या बारशात ती तशीच रडली. सुनेनं घाबरून माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलायच्या आत माझे हात पाळण्यात गेले होते.