क्लच जाळणारी बाई

दसरा होऊन आठवडाही झाला नसेल, तेव्हा गाडीत जळका वास यायला लागला. मी पाचोडच्या शाळेत शिकवते. शहरातून रोज जाऊन-येऊन. गाडी येण्याआधीची वर्षं एसटीत दांडा धरून उभ्यानं गेली होती, त्यामुळे गाडी माझी कोण होती हे वेगळं सांगायला नको. पण ती नवऱ्याच्या नावावर होती. संध्याकाळी घरी आलं की किल्ली त्याच्यासमोरच्या खुंटीला टांगायची आणि सकाळी त्याला सांगून घ्यायची, असा आमच्या घरचा कायदा.

वास वाटेतलं आडूळ मागं पडलं की सुरू व्हायचा. आधी बारीक, मग घशाला लागेल असा तेलकट. काचा खाली केल्या तरी जायचा नाही. मी घरी सांगितलं. नवरा शहरातल्या शहरात शहागंजपर्यंत चक्कर मारून आला आणि सोफ्यावर बसत म्हणाला, "मी चालवली तर येत नाय. तू चालवली की येतो. आता खोट गाडीत का तुझ्यात?"

मी म्हटलं, "अहो, शहागंजपर्यंत इंजिन तापतं तरी का? एकदा पाचोडपर्यंत चला माझ्यासोबत."

"नाचता येईना, अंगण वाकडं," तो म्हणाला, आणि सासूबाई हसल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी मेकॅनिककडे नेली. मी वास कधी येतो, कसा येतो ते सांगायला लागले, तर त्यानं माझ्याकडे न बघता नवऱ्याला विचारलं, "भाबी चलाते क्या?" नवऱ्यानं मान हलवली. "फिर क्या देखना? पाँव क्लच पेच रहता होंगा." दोघं हसले. बोनेट उघडलंसुद्धा नाही. गाडी वर उचलून खालूनच क्लच काढला, नवा टाकला. जुनी प्लेट मी हातात घेऊन बघितली, तर ती जळलेली मुळीच नव्हती. मी तसं म्हटलं, तर नवरा मेकॅनिकला म्हणाला, "मास्तरीण आहे. सगळ्यांच्या चुका काढती."

वास गेला नाही, तो जाणारही नव्हता. पण आता नवा क्लचही मीच जाळला असं ठरलं. दिवाळीला नणंद आली, तर जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, भाजी कधी करपत नाय तुमची, गाडी बरी करपती." पाहुणे पोट धरून हसले. मी वाढत होते. त्या दिवशी मला त्या पंगतीतल्या प्रत्येकाचा मनापासून तिरस्कार वाटला, आणि आजही तो कमी झालेला नाही. पाहुणे गेल्यावर नवऱ्यानं सांगून टाकलं की गाडी विकायची. तू एसटीनं जा, एवढ्या बायका जातात, तुला काय सोनं लागलंय?

सुट्टी संपली. शाळेत पोचल्यावर, गाडी गरम असतानाच, मी स्वतः बोनेट उघडलं आणि नाक पुढं करून एकेक भाग हुंगत गेले. शिपाईमामा लांबून बघत होते. बघू देत म्हटलं. मागच्या बाजूला, सायलेन्सरच्या तापलेल्या नळीला टेकून, काळ्या फडक्याची एक पुरचुंडी अडकली होती. अर्धी जळलेली, तेल सुटून चिकट झालेली. काडीनं ओढून काढली. आत बिब्बे. दृष्ट लागू नये म्हणून बांधतात ते. दसऱ्याला इंजिनला हळदकुंकू लावायला नवऱ्यानं बोनेट उघडून दिलं होतं, आणि हळदकुंकू सासूबाईंनी लावलं होतं.

त्या दिवशी घरी येताना वास आला नाही. मी पुरचुंडी कागदात गुंडाळून आणली आणि दोघांसमोर ठेवली. सासूबाई अजिबात गडबडल्या नाहीत.

"मीच ठिवली. सून गाडी हाकती म्हणून गल्लीचा डोळा होता गाडीवर."

"मग इतके दिवस वास येतोय म्हणून मी रडतेय, तर बोललात का नाही?"

"बिब्ब्याचा वास मला कळत नाय व्हय? पयल्याच दिवशी तुझ्या साडीला आला, तवाच कळला. म्हणलं, नजर जळतीय, जळू दे सगळी. मधीच काढलं तर उलटती."

म्हणजे सगळे मला वेड्यात काढत होते तेव्हा ही बाई मनातल्या मनात समाधानी होती. माझ्याच भल्यासाठी. मला भयंकर संताप आला. मी नवऱ्याकडे बघितलं. एवढं तरी म्हणेल, की चुकलं, क्लच तू जाळला नव्हतास. त्यानं पुरचुंडी उलटीपालटी करून पाहिली, वास घेतला आणि खरोखर खूश झाला.

"बरं झालं सापडलं. आता गिऱ्हाईकाला बिनधास्त लांब चक्कर मारायला देता येईल."

"आता कशाला विकायची?"

"गिऱ्हाईकाला शब्द दिलाय मी," तो म्हणाला.

गिऱ्हाईक रविवारी आलं. हर्सूलचे एक गृहस्थ, सोबत मुलगा. लांब चक्कर मारून आले, वास नाही, आवाज नाही. चहा घेताना त्यांनी विचारलं, "चालवत कोण होतं?"

"मीच," नवरा म्हणाला. "सिंगल हँड गाडी. बाईचा हात लागलेला नाय."

मी कपबशा घेऊन तिथंच उभी होते. मी त्या गृहस्थांना म्हटलं, "थंडीत सकाळी तिसरा गिअर जरा अडतो. जोर करू नका. दुसऱ्यावरच थोडी पुढं न्या, मग आपोआप पडतो. आणि आडूळच्या पुढं रस्ता मोकळा लागतो, तिथं ती फार छान पळते."

ते जरा गोंधळून माझ्याकडे आणि मग नवऱ्याकडे बघायला लागले. "वहिनींना बरीच माहिती आहे गाडीची."

"शेजारी बसून बसून कळतं हो बायकांना," नवरा म्हणाला, आणि खुंटीवरची किल्ली काढून त्यानं त्यांच्या मुलाच्या हातात दिली.