बाळाच्या टाळूचा वास

शहापूरच्या स्टँडवर मी मुरबाडच्या एसटीची वाट पाहत बसले होते. शेजारच्या आजी मांडीवरच्या तान्ह्या नातीची टाळू पुन्हा पुन्हा हुंगत होत्या. त्यांची मुलगी, म्हणजे बाळाची आई, औषध आणायला गेली होती.

“मागं ताप आला, तवापासून मला कसलाच वास येत नाय गो,” त्या आपणहून म्हणाल्या.

मी प्रयोगशाळेत यावरच काम करते. वास नाकातल्या चेतापेशीला भिडला की तिच्यात कॅल्शियम शिरतं आणि मेंदूला निरोप जातो. कॅल्शियम लागलं की चमकणारा रंग आधी पेशीत घातला, तर सूक्ष्मदर्शकाखाली ती उजळलेली दिसते, असं मी त्यांना सांगितलं.

“मंग माजी उजळंल का परत?”

“नव्या पेशी येत राहतात, आजी. पण खात्री नाही देता येत.”

त्यांनी बाळ अलगद माझ्या हातात दिलं. “मंग तू हुंग, आनि मला सांग.”

रोज पेशी उजळताना पाहते, पण वास कुणाला सांगायची वेळ पहिल्यांदाच आली होती. मी टाळूला नाक लावलं. “दुधाचा येतोय. खोबरेल तेलाचा. आणि थोडा ओव्याच्या धुरीचा.”

त्यांनी डोळे मिटले.

“हिच्या आयचा बी असाच येत व्हता,” त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ त्यांनी डोळे उघडले नाहीत.