मागचा तंबोरा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. काल दुकानात एक गृहस्थ बायकोच्या कानांवर एकामागून एक हेडफोन चढवत होते. "पेन्शनीत बसणारा हवा, पण गाण्यामागचा तंबोरा ऐकू आला पाहिजे," बाई म्हणाल्या. "मग सावकाश ऐक, घाई कुणाला आहे?" असं म्हणून ते शांतपणे उभे राहिले.

आमच्या मालतीलाही गाण्याचं वेड. माझ्या पेपरवाचनात व्यत्यय नको, म्हणून मी तिला हाती लागला तो हेडफोन आणून दिला होता. "अहो, यात तंबोरा ऐकूच येत नाही," ती म्हणाली. "गाणारा ऐकू येतो ना? मग झालं," मी म्हणालो. हळूहळू तिने ऐकणंच सोडलं.

त्या बाईंनी निवडला, तसाच हेडफोन मी काल घरी आणला. तंबोरा स्वच्छ घुमत होता आणि गाणाऱ्याचा प्रत्येक सूर त्याच्यावर टेकून उभा होता. मी तो मालतीच्या कानांवर ठेवला. आता तिला फारसं ऐकू येत नाही. "मऊ आहे हो," ती हसून म्हणाली.

चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. पण तिच्याशी ओरडून बोलावं लागतं आणि ते शब्द ओरडायला माझा आवाज चढेना.