लिमये बाईंच्या भिंतीवरची अंतराळवीर

आई काजूच्या कारखान्यात गर सोलायची. तिच्या बोटांची कातडी कायम सोलवटलेली. बाबा हातखंब्याजवळ चिरेखाणीवर होते. आमच्या घरात दहावीपर्यंत पोचलेली मीच पहिली. पुढे काय, हा प्रश्न घरात कुणाला पडला नव्हता. पडला तो लिमये बाईंना.

बाई रत्नागिरीहून एसटीने आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला यायच्या. वर्गात शिरल्या की पर्स टेबलावर आपटून म्हणायच्या, "विचारा! नाहीतर नाही कळलं म्हणा. उगाच मान हलवायची नाही." आपल्या देशात जन्मलेली एक बाई अंतराळात जाऊन आली होती, आणि लिमये बाईंचा कुठलाही धडा शेवटी तिच्या यानातच जाऊन पोचायचा. पचनसंस्थासुद्धा! "तिथे भात ताटात राहत नाही, उडतो. मग ती जेवत कशी असेल?" मी घरी येऊन हे सांगितलं तर आई म्हणाली, "मग तांदूळ पाखडतात कसे?" बाईंना ते इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवशी फळ्यावर आईच्या नावापुढे त्यांनी शंभरपैकी शंभर लिहिले.

दहावीनंतर मला रत्नागिरीला कॉलेजात धाडा, हे सांगायला बाई चार वेळा आमच्या घरी आल्या. बाबांचं एकच: "शहरात पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवू?" शेवटी एकदा बाबा मला घेऊन त्यांच्या घरी गेले. तिथे भिंतीवर बाईंच्या घरच्या माणसांच्या फोटोंच्या ओळीत त्या अंतराळवीर बाईचाही फोटो, चौकट करून लावलेला.

बाबा हरखले. "बाई, भाचीला एवढ्या लांब धाडलीत, भय नाय वाटलं?"

मी मनात म्हटलं, बाई, आज एकदा मान हलवा!

"भाची नाही हो. माझी कुणीच नाही ती. पेपरातून कापून लावलाय."

बाबांचा चेहरा पडला. "म्हंजे परक्याच्या पोरीच्या जिवावर मला सांगता होय?" म्हणत ते उठलेच.

"तुमची मुलगी तरी माझी कोण लागते? तरी चार वेळा तुमच्या दारात आलेच ना मी?"

बाबा उभेच राहिले. मग म्हणाले, "तुमच्याकडं राहील तर धाडतो."

"राहील. पण माझ्या हातची आमटी खावी लागेल, ते तिला आधी विचारा."

मी पाच वर्षं ती आमटी खाल्ली. वाईटच असायची.

एफ.वाय.ला असताना दुसऱ्या सफरीवरून परतताना त्या अंतराळवीर बाईचं यान तुटलं. ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबा दारात हजर. न्यायलाच आले असणार, म्हणून मी गुपचूप पिशवी भरली. बाई आदल्या दिवसापासून जेवल्या नव्हत्या. बाबांनी कागदात बांधून आणलेला हार पुढे केला.

"नको," बाई म्हणाल्या. "हार घातला की मुली नमस्कार करून निघून जातात. ती काय काय शिकली हे मग कुणी विचारत नाही."

बाबांनी हार पुन्हा कागदात गुंडाळला. मग माझ्याकडे बघितलं. "पिशवी कशाला गो भरलीस? उद्या कॉलेज नाय?"

बाई खूप वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, पुण्याला मुलाकडे गेल्या. त्याआधीच, २००५ साली, मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. पहिल्या वर्गात.